अंगावरून वारं गेलं, हात कापतो, तोल जातो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मालवण-देवगड पट्ट्यात घरोघरी जाऊन पेशंट बघते. स्कूटर खळ्यात उभी करायच्या आधीच पडवीतून प्रश्न सुरू होतात, आणि पंधरा वर्षं झाली तरी प्रश्न साधारण तेच आहेत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. एक गोष्ट आधीच सांगते, "हात गेला" एवढं सांगून मला काही कळत नाही. हातातली ताकद गेली, की ताकद आहे पण नेम चुकतो, की हात सुरूच व्हायला वेळ लावतो, की हात चांगला आहे पण काय करायचं तेच डोक्यातून गेलंय? ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत, मेंदूतल्या चार वेगळ्या जागा आहेत आणि चौघांचं पुढचं पण वेगळं असतं.

वारं डाव्या अंगावरून गेलं आणि रिपोर्टमधे उजव्या मेंदूत गुठळी लिहिलंय. रिपोर्ट बदलला की काय?

नाही हो, रिपोर्ट बरोबर आहे. वारं जाणं म्हणजेच स्ट्रोक, मेंदूची रक्ताची नळी गुठळीने बंद पडते किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. मोठ्या मेंदूतून हातापायाला हुकूम घेऊन जे तंतू खाली येतात ना त्यातले दहापैकी जवळजवळ नऊ, मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो त्याच्या जरा वर, बाजू बदलतात. उजवीकडचे डावीकडे, डावीकडचे उजवीकडे. त्यामुळे उजव्या मेंदूत बिघाड झाला की डावा हात-पाय लुळा पडतो. असं का बनलंय याच्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत, आपण त्यात पडायला नको.

आईचा हात पूर्ण गेला पण पाय बऱ्यापैकी चालतो, आणि शेजारच्या काकांचं उलट. दोघांना स्ट्रोकच ना मग?

दोघांना स्ट्रोकच, पण जागा वेगळी. कानापासून कानापर्यंत डोक्यावरून हेअरबँड लावतो तशी मेंदूवर एक पट्टी आहे, तिला मोटर कॉर्टेक्स म्हणतात, हलवायचा हुकूम मुख्यत्वे तिथून सुटतो. 1870 साली जर्मनीत फ्रिच आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूला बारीकसा करंट देऊन दाखवलं की इथे टोचलं की पंजा हलतो, तिथे टोचलं की मान हलते. पुढे कॅनडात वाइल्डर पेनफिल्ड नावाच्या सर्जनने फिटच्या ऑपरेशनच्या वेळी जागे असलेल्या माणसांवर हेच करून पट्टीचा नकाशाच काढला, तो 1937 साली छापून आला. त्या नकाशात पाय डोक्याच्या माथ्याजवळ मधल्या फटीत, हात बाजूला, तोंड-जीभ खाली. आणि जागेची वाटणी शरीराच्या आकाराप्रमाणे नाही, कामाच्या बारकाव्याप्रमाणे आहे. बोटं आणि ओठ-जीभ यांनी एवढी जागा अडवलीय की पाठीला जेमतेम तुकडा उरलाय.

बाजूच्या भागाला रक्त देणारी नळी वेगळी आणि मधल्या फटीला देणारी वेगळी. बाजूची बंद पडली की तोंड आणि हात जास्त जातो, मधली बंद पडली की पाय जास्त जातो. तुमच्या आईची बाजूची, शेजारच्या काकांची बहुतेक मधली.

मग बाबांच्या सीटीमधे डॉक्टर म्हणाले "अगदी छोटासा डाग आहे" आणि अख्खी बाजू गेली! छोटा डाग आणि एवढं नुकसान?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण याचं उत्तर कोकणातल्या माणसाला पटकन कळतं. खाली गावात एक वाट बंद झाली तर माणूस दुसऱ्या पाणंदीतून जातो, पण घाटात एकच रस्ता, तिथे एवढीशी दरड आली तरी खालची वरची सगळी वाहतूक ठप्प. मेंदूच्या पट्टीवर तंतू लांबलांब पसरलेले असतात, पण खाली उतरताना ते सगळे आत खोलवर एका अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने एकत्र येतात, त्याला इंटर्नल कॅप्सूल म्हणतात, तोच आपला घाट. तिथे तांदळाच्या दाण्यापासून वालाच्या दाण्याएवढी जागा गेली तरी तोंड-हात-पाय एकदम जातात. आणि तिथल्या रक्तवाहिन्या केसासारख्या बारीक, वर्षानुवर्षं वाढलेल्या बीपीने त्याच आधी खराब होतात. सुका बांगडा, खारवलेली मासळी, पापड-लोणचं आणि "मला बीपी नाही, मला काय होतं" म्हणून बंद केलेली गोळी, हे सगळं त्या केसाएवढ्या नळीवर जाऊन बसतं. आता बांगडा सोडा म्हटलं तर मला कोणी घरात घेणार नाही, पण निदान गोळी तरी सोडू नका.

त्याहून खाली, ब्रेनस्टेममधे, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात, घाट अजून अरुंद होतो. तिथे पुढच्या बाजूला मोठा स्ट्रोक झाला तर माणूस पूर्ण शुद्धीत असतो, सगळं ऐकतो, सगळं कळतं, पण हलवता येतात फक्त डोळे, वर-खाली, आणि पापण्या. अशा पेशंटसमोर "आता काय राहिलं नाय यांचं" असलं बोलू नका प्लीज, मी हे ऐकलेलं आहे.

ताकद चांगली आहे, हात घट्ट दाबतात, पण चहाचा कप तोंडाला लावताना सांडतो आणि चालताना झोकांड्या जातात. न पिता!

हा लहान मेंदू. डोक्याच्या मागे खाली मानेच्या वर असतो, वजनाने मेंदूच्या साधारण दहावा हिस्सा, पण मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज एकट्या त्याच्यात आहेत. त्याचं काम हुकूम सोडायचं नाही, सुटलेला हुकूम दुरुस्त करायचं. हात कपाकडे निघाला की किती जोर, कुठे थांबायचं, आता जरा डावीकडे, हे हिशेब तो सतत करत असतो. तो बिघडला की हात कपाच्या पुढे जातो, मग मागे येतो, मग परत पुढे, आणि कप जवळ येईल तसा कंप वाढतो. बोलणं पण तुटक आणि हेलकावे खात येतं. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स नावाच्या आयरिश डॉक्टरने डोक्याच्या मागे गोळी लागलेले सैनिक तपासून हे सगळं बारकाईने लिहून ठेवलं, आम्ही आज बोट नाकाला लावायची जी तपासणी करतो त्यामागे त्याचंच काम आहे.

इथे बाजूचा नियम उलटतो हं. लहान मेंदूचे तंतू दोनदा बाजू बदलतात म्हणून उजवा लहान मेंदू गेला तर उजवाच हात बिघडतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. एका बंदरावरचे गृहस्थ पहाटे होडीवरून उतरले, उलट्या सुरू, चालताना भिंतीला धरतायत, सगळे म्हणाले रात्री जास्त झाली असेल, मग कोणीतरी म्हणालं पित्त असेल, लिंबूपाणी दिलं, झोपवलं. एका दवाखान्यात उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. तो लहान मेंदूचा स्ट्रोक होता. हात-पाय लुळा नाही, तोंड वाकडं नाही म्हणून कोणाच्या डोक्यात आलं नाही. अचानक चक्कर आणि उलट्या आणि सोबत आधाराशिवाय बसता-उभं राहता येत नाही असं असेल तर ते पित्त समजू नका, कारण तिथे सूज आली की बाजूलाच श्वास चालवणारा ब्रेनस्टेम असतो आणि जागा मुळीच नसते. ते गृहस्थ वाचले, आता काठी घेऊन जेटीपर्यंत येतात.

बाकी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांचा लहान मेंदू खरंच झिजतो, मुख्यतः मधला भाग, म्हणून दारू सोडल्यावरही पाय फाकून चालायची सवय राहते. हे वाचून कोणाला तरी दाखवाल अशी आशा.

आजोबांचा हात टीव्ही बघताना कापतो पण पेपर उचलला की थांबतो. हे पण लहान मेंदूचंच का?

नाही, उलटं आहे बघा, आणि म्हणूनच मी कधी कापतो ते विचारते. वस्तूकडे जाताना वाढणारा कंप लहान मेंदूचा, बसल्या जागी मांडीवर ठेवलेल्या हातातला, गोळ्या वळल्यासारखा कंप हा पार्किन्सनचा. 1817 साली जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने फक्त सहा माणसांवरून हा आजार लिहिला, त्यातले काही तर रस्त्यात पाहिलेले. आयुर्वेदात कंपवात म्हणून आहेच.

मेंदूच्या तळाशी आत बेसल गँग्लिया म्हणून गाठोडी आहेत, हालचाल सुरू कर, ही कर ती नको, एवढीच मोठी कर, असं ती ठरवतात. त्यांना डोपामिन नावाचं रसायन लागतं आणि ते ब्रेनस्टेममधल्या एका काळ्या पट्ट्यातून येतं. त्या पट्ट्यातल्या पेशी हळूहळू मरतात आणि हात कापायला लागेपर्यंत निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच गेलेल्या असतात. कंप नुसता दिसतो म्हणून लोक त्यालाच धरून बसतात पण खरा त्रास मंदपणाचा, चालताना एक हात हलत नाही, अक्षर बारीक बारीक होत जातं, चेहरा हसत नाही म्हणून घरचे समजतात की रागावलेत. आणि वास! कितीतरी जणांचा वास बऱ्याच वर्षं आधी गेलेला असतो. एक आजी म्हणाल्या सुकत घातलेल्या मासळीचा वास मला येत नव्हता तेव्हा मी म्हटलं बरंच झालं.

दारातून बाहेर पडताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि जिना मात्र पटापट चढतात. नाटक करतात का?

नाटक नाही. उंबरठा, अरुंद दार, वळण इथे पार्किन्सनचे पेशंट थिजतात. आपोआप चालायचा रस्ता बेसल गँग्लियातून जातो आणि तोच बिघडलाय, पण डोळ्यासमोर पायरी दिसली किंवा कानावर ठेका पडला की मेंदू दुसऱ्या रस्त्याने काम काढतो. म्हणून उंबऱ्याच्या आधी जमिनीवर रंगीत टेपच्या चार पट्ट्या मारा, एकेक पट्टी ओलांडायला सांगा. ठेका धरून चालवा. मी शिमग्यात ढोल वाजायला लागल्यावर पालखीमागे चार पावलं नीट टाकणारे आजोबा बघितलेत, ढोल थांबला की पाय परत खिळले. घरच्यांना वाटलं देवाने चालवलं, मी म्हटलं देवाने चालवलं पण ढोलाचं रेकॉर्डिंग करून मोबाइलवर रोज लावा.

मागून ढकलू नका मात्र. तोंडावर पडतात.

खाजकुयलीच्या बिया घेतल्या तर पार्किन्सनची गोळी बंद करता येईल का? आमच्या बागेत भरपूर आहे.

खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा खरंच असतं, ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं ते, गोळीत असतं तेच, त्यामुळे ऐकीव गप्पा नाहीत या. पण बागेतल्या कुठल्या बीत किती ते तुम्हाला माहीत नाही आणि मला पण नाही, आणि गोळी चालू असताना वरून हे घेतलं की डोस दुप्पट होऊन अंग वळवळायला लागतं, बीपी पडतं. गोळी अचानक बंद करणं तर त्याहून धोक्याचं. घ्यायचंच असेल तर न्यूरोवाल्या डॉक्टरांना सांगून.

एक काम मात्र आजच करा. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्या. लेव्होडोपा आणि माशातलं प्रोटीन आतड्यातून आत शिरायला एकाच दरवाजात गर्दी करतात, भरपूर मासे खाऊन वर गोळी घेतली तर गोळी बाहेरच राहते आणि मग "दुपारची गोळी लागू पडत नाही" अशी तक्रार येते. आणि घरात चक्करीची सिनारिझिन किंवा उलटीची मेटोक्लोप्रमाइड महिनोन् महिने चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्या गोळ्यांनी सुद्धा हुबेहूब पार्किन्सनसारखं होतं, आणि बंद केल्यावर बऱ्याच जणांचं हळूहळू कमी होतं.

आईचे हात चांगले आहेत, ताकद आहे, पण विळीसमोर बसवलं तर मासा हातात घेऊन नुसती बघत बसते. विसरली का?

वेड लागलेलं नाही, आणि नेहमीसारखा विसरभोळेपणा पण नाही. याला अ‍ॅप्रॅक्सिया म्हणतात, बहुतेक वेळा डाव्या मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाचं किंवा पुढच्या भागाशी जोडणाऱ्या तंतूंचं नुकसान असतं. हुकूम देणारी पट्टी शाबूत, स्नायू शाबूत, पण "आधी खवले, मग पर, मग पोट" ही हातांची यादी हरवली. गंमत अशी की "हात जोडून दाखवा" म्हटलं तर हात हवेत घोटाळतात, आणि संध्याकाळी आरती सुरू झाली की तेच हात आपोआप जुळतात. घरचे चिडतात, म्हणतात मग आम्ही सांगितलं तेव्हा का नाही केलं. सांगू नकाच. खऱ्या जागी खरी वस्तू हातात द्या, तुमचा हात तिच्या हातावर ठेवून पहिली हालचाल सुरू करून द्या. विळीने नका सुरू करू अर्थात, आधी शेवग्याच्या शेंगा सोलायला द्या.

बाबा म्हणतात "हो हात माझो न्हय, कोणी आणून ठेवल्यान हयसर?" घरात सगळे घाबरलेत, कोणी म्हणतं बाहेरचं लागलंय.

बाहेरचं नाही, आतलंच आहे, उजव्या मेंदूचा मागचा-वरचा भाग. तिथे मार बसला की डावी बाजू जगातूनच पुसली जाते. ताटातला डावीकडचा भात तसाच राहतो आणि वर ओरडतात मला भात वाढला नाही, दाढी अर्धीच करतात, आणि काही जणांना आपला लुळा हात दुसऱ्याचा वाटतो. खोटं बोलत नाहीत ते, त्यांना खरंच तसं वाटतं, वाद घालून उपयोग नाही. ताट फिरवून द्या, डाव्या बाजूला बसून गप्पा मारा, डावा हात त्यांच्या डोळ्यासमोर आणून उजव्या हाताने चोळायला लावा. चुलीजवळ एकटं सोडू नका, डावा हात भाजला तरी लक्षात येत नाही. गाऱ्हाणं घालायचं तर घाला हो, माझ्या घरी पण घालतात, पण आधी हॉस्पिटल.

काका एक शब्द बोलू शकत नाहीत पण शिव्या स्पष्ट देतात आणि आरती पूर्ण म्हणतात. कसं काय?

मालवणी माणसाच्या शिव्या वेगळ्या कप्प्यात असतात असं मी गमतीत म्हणते, पण त्यात तथ्य आहे. विचार करून वाक्य जुळवणं बहुतेकांच्या डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात चालतं, पॅरिसमधे 1861 साली पॉल ब्रोका यांनी फक्त "टान" एवढंच बोलू शकणाऱ्या एका पेशंटचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासून ती जागा दाखवली. शेजारीच उजव्या हाताची पट्टी आहे म्हणून उजवा हात आणि बोलणं बरेचदा जोडीने जातं. पण घोकलेली गाणी, आकडे, शिव्या यांना वाक्य जुळवावं लागत नाही, त्यात उजवा मेंदू आणि आतली गाठोडी मदत करतात. स्पीच थेरपीवाले सुरात शब्द म्हणायला लावतात ते याच कारणाने. आणि काकांना ऐकू कमी येत नाही, जोरात ओरडू नका.

स्ट्रोक आल्यावर किती वेळ हातात असतो?

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, आणि ते सुद्धा जेवढं लवकर तेवढं बरं. मोठी नळी बंद असेल तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख पेशी मरतात असा हिशेब आहे. काही पेशंटमधे तारेने गुठळी ओढून काढता येते, निवडक लोकांत 24 तासांपर्यंत, पण ती सोय मोठ्या शहरात. आपल्याकडे रत्नागिरीहून कोल्हापूर म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटर आणि मधे आंबा घाट, सावंतवाडी-वेंगुर्ल्याचे लोक गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला जातात, पावसात तर विचारूच नका. म्हणून निघायच्या आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा, सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का आणि गुठळीचं इंजेक्शन देतात का. 108 ला फोन. माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा, डॉक्टर पहिलं तेच विचारणार.

तोंडात पाणी, चहा, काही घालू नका, गिळायचा ताबा गेलेला असू शकतो आणि ते फुप्फुसात जातं. अ‍ॅस्पिरिन पण सीटीशिवाय नको, कारण गुठळी आहे की रक्तस्राव आहे हे बाहेरून बघून कोणालाच सांगता येत नाही. आणि कबुतराचं रक्त चोळणं, हो अजूनही विचारतात, त्याने काही होत नाही, वेळ जातो आणि कबूतर मरतं.

नुसतं तोंड वाकडं झालंय, हात-पाय ठीक. तो पण स्ट्रोक?

कपाळाला आठ्या घालायला सांगा. ज्या बाजूचा ओठ लोंबतो त्याच बाजूच्या कपाळावर आठ्या पडत नसतील आणि डोळा मिटत नसेल तर बहुतेक चेहऱ्याची नस सुजलीय, मेंदू ठीक. कपाळ हलतं पण ओठ लोंबतो तर मेंदू, कारण कपाळाला दोन्ही मेंदूंकडून हुकूम येतो. पण हे घरी ठरवत बसू नका, दोन्ही वेळेला लगेच डॉक्टर.

किती दिवसात बरं होईल? आणि बॉल दाबायला देऊ का?

पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त फरक पडतो, मग वेग मंदावतो, पण थांबत नाही, वर्षानंतर बोटं उघडलेली मी बघितलीत. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, शेजारच्या पेशी काम शिकतात, आणि त्या शिकतात शेकडो वेळा तीच हालचाल केल्यावर. रोज दहा मिनिटं पाय वर-खाली करून नाही होत. पाय साधारण हाताच्या आधी येतो, कारण चालायला बोटांएवढा बारकावा लागत नाही.

बॉल नको. सुरुवातीला लुळा असलेला हात काही आठवड्यांनी ताठ व्हायला लागतो आणि मूठ आपोआप आवळते, आवळायचं शिकवायला नकोच आहे, उघडायचं शिकवायचंय. बोटं थोडी हलत असतील तर चांगल्या हातात मोजा घालून त्याला दिवसातले काही तास बसवून ठेवायचा आणि काम बिघडलेल्या हाताला द्यायचं, एडवर्ड टाब यांनी माकडांवर काम करून ही पद्धत काढली. आणि उठवताना लुळा हात धरून ओढू नका कोणी, खांदा निखळतो, मग महिनोन् महिने दुखतो.

बाबांना परत होडीवर कधी जाता येईल?

हे बायका विचारत नाहीत, पेशंट स्वतः विचारतात, सगळे आत गेले की हळूच. खरं सांगायचं तर हलणाऱ्या फळीवर उभं राहणं ही मेंदूची सगळ्यात कठीण परीक्षा आहे, लहान मेंदू, कान, डोळे, पाय सगळे एकाच वेळी लागतात. शिवाय स्ट्रोकनंतर काही जणांना फिट येते, पाण्यात फिट आली तर काय ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे न्यूरोच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही, आणि एकट्याने तर नाहीच. आधी खळ्यात एका पायावर दहा सेकंद, मग ओल्या वाळूत चालणं, मग बांधलेल्या होडीत नुसतं बसणं. तोपर्यंत फाटलेलं जाळं आणून पडवीत टाका आणि सुई बिघडलेल्या हातात द्या. पहिल्या दिवशी एक गाठ पडायला अर्धा तास लागेल आणि सुई दहा वेळा खाली पडेल. उचलून द्यायला धावू नका, उचलणं हा पण व्यायामच आहे.